क्षमा झाली, मग बांधाचं काय?

तापीकाठ
मंडळी, प्रश्न एका ओळीत: देवाने पापाची क्षमा केली की माणसाचं देणं उरतं का?

उदाहरण मुद्दाम शेतीतलं घेतो, म्हणजे बोलणं हवेत जाणार नाही. समजा, एका ख्रिस्ती शेतकऱ्याने आठ वर्षांत दर नांगरटीला थोडा थोडा असा शेजाऱ्याचा बांध कोरत दोन गुंठे आत घेतले. पुढे संजीवन सभेत (विश्वास नव्याने जागवणाऱ्या प्रार्थनासभेत) त्याचं मन पालटलं आणि त्याने देवापुढे पाप कबूल केलं. १ योहान १:९ प्रमाणे कबूल करणाऱ्याला क्षमा मिळते. आपल्या भागात यावर दोन मतं ऐकू येतात. एक, 'ख्रिस्ताने वधस्तंभावर सगळं फेडलं, आता मागचं उकरू नका.' दुसरं, 'बांध मागे सरकत नाही तोवर पश्चात्तापच झाला नाही.'

मी दुसऱ्या मताकडे झुकतो. लेवीय ६:१-७ वाचा. ज्याने शेजाऱ्याला लुबाडलं त्याने मूळ वस्तू परत करायची, वर तिचा पाचवा हिस्सा घालायचा, आणि हे दोषार्पणाच्या दिवशीच द्यायचं. याजक प्रायश्चित्त करतो आणि क्षमा होते ती त्यानंतर. मत्तय ५:२३-२४ मध्ये येशूही तेच सांगतो: अर्पण वेदीपुढे ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये.

अडचण अशी की एवढं म्हटलं की क्षमा विकत घेतल्यासारखी वाटायला लागते, आणि ते रोमकरांस ४:४-५ शी जुळत नाही. कॅथलिक, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), अलायन्स, पेंटेकॉस्टल, सगळ्या पंथांची रीत कळली तर बरं. धर्मांतराचा वाद इथे नको, त्याला दुसरे धागे आहेत.

जिभाऊ
बठ्ठं बरोबर शे दादा, पन बांध कोरनारा संजीवन सभामा येस कधी? तो ते मोजनीले बी येत नही.

पांझरेपलीकडे
तापीकाठ, तुम्ही दोन वेगळी खाती एकत्र केलीत. पाप देवाविरुद्ध असतं आणि नुकसान शेजाऱ्याचं असतं. ख्रिस्ताने फेडलं ते पहिल्या खात्यातलं. शेजाऱ्याचे दोन गुंठे वधस्तंभावर कुणी परत केलेले नाहीत, ते अजून त्याच कोरलेल्या बांधाच्या अलीकडे पडून आहेत.

प्रॉटेस्टंट शिकवणीत क्रम असा लागतो. विश्वासाने क्षमा, कृपेने, कामाने नाही (इफिसकरांस २:८-९). पण पुढच्याच, दहाव्या वचनात 'सत्कृत्ये करण्यासाठी' असं आहे, आणि लोक नेमके नवव्या वचनावर थांबतात. जकातदार जक्कयची गोष्ट बघा (लूक १९). येशू आधी त्याच्या घरी उतरला. जक्कयने अर्धी मालमत्ता गरिबांना आणि फसवलेल्यांना चौपट द्यायचं जाहीर केलं ते त्यानंतर. 'आज या घराला तारण प्राप्त झालं' हे वाक्य त्याच्याही नंतरचं आहे. म्हणजे भेट आधी, परतफेड नंतर, आणि परतफेडीवरून ओळखलं गेलं की तारण खरं आहे. परतफेड ही किंमत नाही, फळ आहे. पण झाडाला आठ वर्षं फळच नसेल तर बागायतदार काय म्हणेल ते रावेरवाल्यांना विचारा.

चौपट हा आकडाही जक्कयने हवेतून आणला नाही. निर्गम २२:१ मध्ये मेंढरू चोरून कापलं किंवा विकलं तर चार मेंढरं, बैल असेल तर पाच. राजा दावीदही संदेष्टा नाथानची मेंढराची गोष्ट ऐकून रागाच्या भरात चौपटच म्हणाला होता (२ शमुवेल १२:६), आणि ती गोष्ट त्याच्याचवर होती.

रावेरची_केळी
आम्हाला विचारताय तर सांगतो: आठ वर्षं फळ नाही म्हणजे केळी नव्हे, नुसता खुंट.

नाना_नास्तिक
वाचतोय. एक शंका. वधस्तंभावरच्या चोराने कुणाचं काय परत केलं? त्याला तर 'आजच सुखलोकात' मिळालं. म्हणजे शेवटच्या तासाला माफी मागितली की बांध, कापूस, सोनं सगळं माफ. भारी योजना आहे.

पांझरेपलीकडे
नाना, त्याचे हात खिळलेले होते. देता येत होतं आणि दिलं नाही, असं त्याच्याबाबत म्हणता येत नाही. शिवाय त्याने दोन गोष्टी केल्या: आपल्याला मिळतेय ती शिक्षा योग्य आहे हे उघड मान्य केलं, आणि शेजारच्याला दटावलं (लूक २३:४०-४२). ज्याचे हात मोकळे आहेत त्याला हा दाखला लागू करणं म्हणजे सवलत दुसऱ्याच्या नावावर उचलणं.

शेवटच्या तासाची युक्ती जुनीच आहे. चौथ्या शतकात बरेच लोक बाप्तिस्मा मुद्दाम लांबवायचे, कारण बाप्तिस्म्याने आधीची सगळी पापं धुतली जातात आणि नंतरच्या मोठ्या पापासाठी मंडळीचं जाहीर प्रायश्चित्त फार कडक असायचं, तेही आयुष्यात एकदाच मिळायचं. सम्राट कॉन्स्टंटाइनने ३३७ मध्ये मृत्यूशय्येवर बाप्तिस्मा घेतला. चर्चच्या गुरूंनी या सवयीवर कडाडून टीका केली आहे. ज्याला उद्याची खात्री नाही त्याने उद्यावर ढकलणं हाच त्यातला वेडेपणा.

भुसावळ_जंक्शन
कॅथलिक बाजू तपशिलाने लिहितो, कारण 'फादरला सांगितलं की सुटलं' हा गैरसमज भुसावळपासून नंदुरबारपर्यंत सगळीकडे आहे. (धुळे, जळगाव, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे नाशिक धर्मप्रांतात येतात. हा धर्मप्रांत १९८७ मध्ये झाला.)

प्रायश्चित्त संस्कारात पापी माणसाची तीन कामं आणि याजकाचं एक. पश्चात्ताप, पापनिवेदन आणि भरपाई ही तुमची. पापमुक्तीचे शब्द उच्चारणं त्याचं. आधी घरीच विवेकतपासणी करायची. दहा आज्ञा घ्या, एकेकीवर थांबा. ज्यात गंभीर बाब, पूर्ण जाणीव आणि मनापासूनची संमती तिन्ही आहेत ते प्राणघातक पाप. ते प्रकार आणि साधारण संख्या दोन्हीसह सांगावं लागतं. 'मी पापी आहे' एवढं पुरत नाही. 'शेजाऱ्याचा बांध आठ वर्षं दरवर्षी सरकवला' असं सांगायचं. शेजाऱ्याचं नाव सांगायचं नाही. बायकोची, भावजयीची पापं सांगायची नाहीत. तो कसा वाईट आहे हेही नाही. निम्मा वेळ यातच जातो आणि बाहेर रांग वाढते.

बिघडतं कुठे? एखादं प्राणघातक पाप मुद्दाम लपवलं तर सगळं पापनिवेदन निष्फळ, आणि वर नवं पाप. विसरलं असेल तर मात्र ते क्षमेत येतं, पुढच्या वेळी आठवलं की सांगायचं. फोनवर, व्हिडिओ कॉलवर हा संस्कार होत नाही. समोर हजर राहावं लागतं.

आता बांधाचं. याजक शेवटी जे प्रायश्चित्त देतो, म्हणजे समजा तीन वेळा नमो मरिये किंवा एखादा उपवास, ती परतफेड नव्हे. परतफेड वेगळी आणि बंधनकारक. धर्मशिकवणुकीच्या ग्रंथात परिच्छेद १४५९ आणि २४१२ बघा. चोरलेलं परत करायचा इरादाच नसेल तर पश्चात्तापच नाही, आणि मग पापमुक्ती देता येत नाही. इरादा खरा असेल तर पापमुक्ती त्याच क्षणी, बांध सरकायची वाट न पाहता. पापी माणसाच्या मनोवृत्तीबद्दल शंका नसेल तर याजकाने पापमुक्ती नाकारायचीही नाही आणि लांबवायचीही नाही, असा नियम आहे (कॅनन ९८०; कॅनन म्हणजे चर्चच्या कायद्यातलं कलम).

थोडक्यात, तापीकाठ यांची दोन्ही मतं थोडी थोडी चुकतात. क्षमा बांधाच्या आधी होऊ शकते, पण बांध सोडून होत नाही.

तापीकाठ
हे नेमकं. पण 'इरादा' म्हणजे किती दिवस? पेरणी तोंडावर आली की 'या हंगामानंतर' म्हणायचं, मग पुढच्या हंगामानंतर.

भुसावळ_जंक्शन
ऐपत आहे आणि टाळतोय, तर ते टाळणं हेच नवं पाप. जुनं परत जिवंत होत नाही. ऐपत नसेल तर हप्ते चालतात, मुदतवाढ चालते. पण बांधाला ऐपत कसली लागते? जमीन तिथेच आहे. रोख नुकसानीला हप्ते समजू शकतो.

पांझरेपलीकडे
'जुनं परत जिवंत होत नाही' याला मत्तय १८ मधला निर्दय दास आडवा येतो. त्याने सोबत्याचं छोटं कर्ज सोडलं नाही, तेव्हा राजाने माफ केलेलं कर्ज त्याच्यावर पुन्हा लादलं की.

भुसावळ_जंक्शन
तेराव्या शतकात धर्मपंडित थॉमस अक्वायनस यांनी हाच प्रश्न घेतला आहे: क्षमा झालेली पापं परत येतात का? त्यांचं उत्तर असं की ती पापं स्वतः परत येत नाहीत, पण क्षमा मिळूनही पुन्हा तसंच केलं तर कृतघ्नपणाचं ओझं त्या नव्या पापावर चढतं. दाखल्यातला राजा चिडतो तो जुन्या कर्जापेक्षा त्या कृतघ्नपणावर.

गिरणामाई
त्या दाखल्यातला हिशेब कुणी मांडत नाही, मी मांडते. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी (मत्तय २०:२). दासाचं कर्ज १०,००० तालांत, म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. एक दिवसही खाडा न करता फेडायचं म्हटलं तर १,६४,००० वर्षं. त्याच्या सोबत्याकडे १०० दिनार, म्हणजे साडेतीन महिन्यांची मजुरी. दोन्ही कर्जांचं प्रमाण सहा लाखास एक.

लक्षात घ्या, १०० दिनार ही क्षुल्लक रक्कम नाही. साडेतीन महिन्यांची मजुरी बुडाली तर कापूस वेचणारीच्या घरात काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. येशू 'तुझं नुकसान काहीच नाही' असं म्हणत नाही. नुकसान खरं आहे, आणि तरी सोड, कारण तुला सहा लाख पट सुटलं आहे, असं म्हणतो.

म्हणून प्रश्नाची दुसरी बाजूही घ्या. ज्याचा बांध गेला तो शेजारी ख्रिस्ती असेल तर त्याने काय करायचं? प्रभूच्या प्रार्थनेत 'आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडलं आहे' असं रोज म्हणतो की आपण.

जिभाऊ
ताई, मंग सावकारनी बी हाई प्रार्थना रोज म्हनाले जोयजे.

नाना_नास्तिक
मग शेजाऱ्यानेच सोडावं ना. दोन गुंठ्यांसाठी कोर्टात वीस वर्षं घालवण्यापेक्षा स्वस्त.

गिरणामाई
नाना, सोडण्याचा हक्क शेजाऱ्याचा आहे, 'सोड' म्हणण्याचा हक्क कोरणाऱ्याचा नाही. आणि पाळकाचाही नाही. आपल्या मंडळ्यांमध्ये सर्वांत जास्त बिघडतं ते इथे. नवरा मारतो, बाई पाळकांकडे जाते, आणि तिला 'सत्तर वेळा सात' (तितक्या वेळा क्षमा कर) ऐकवून परत पाठवतात. लूक १७:३ मध्ये क्रम स्पष्ट आहे: भावाने अपराध केला तर त्याला दोष दाखव, आणि पश्चात्ताप केला तर क्षमा कर. मनातला सूड सोडणं हे एकतर्फी होऊ शकतं. नातं पूर्ववत होणं एकतर्फी होत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज देणं आणि क्षमा करणं यांत विरोध नाही. सुरक्षित जागी राहून क्षमा करता येते.

सातपुड्याच्या पलीकडचं उदाहरण आहे. सिस्टर राणी मारिया इंदूर भागात गरीब शेतकरी आणि आदिवासींमध्ये काम करायच्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसमध्ये त्यांचा खून झाला. खुन्याला शिक्षा झाली, तो वर्षानुवर्षं तुरुंगात होता. त्यांच्या सख्ख्या बहिणीने, त्याही सिस्टरच, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली आणि घरच्यांनी त्याच्या लवकर सुटकेसाठी प्रयत्न केले. पण खटला चालू नये असं कुणी म्हटलं नाही. क्षमा आणि खटला दोन्ही आपापल्या जागी राहिले. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरला सिस्टर राणी मारिया यांना 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं गेलं.

सातपुडा_वकील
गिरणामाई, +१. कायद्याची बाजू थोडी जोडतो, कारण यात दोन्ही प्रकारचे धर्मगुरू अडचणीत येतात.

कॅथलिक याजकावर पापनिवेदनाच्या गुप्ततेचं बंधन संपूर्ण आहे (कॅनन ९८३). थेट मोडलं तर आपोआप बहिष्कृती. आपल्या साक्षीपुराव्याच्या कायद्यात मात्र वकील-अशिलासारखं संरक्षण धर्मगुरूला दिलेलं नाही, १८७२ च्याही नाही आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही नाही. आणि पोक्सो २०१२ चं कलम १९ 'कोणतीही व्यक्ती' म्हणतं: लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना किंवा विशेष बालपोलीस पथकाला कळवायचं. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. धर्मगुरूंना वगळलेलं नाही.

प्रॉटेस्टंट पाळकाला तर संस्कारगुप्ततेचं बंधनही नाही, फक्त विश्वासाचं आहे. त्यामुळे समुपदेशनाला बसतानाच पाळकाने सांगून टाकावं: मुलांवरचा अत्याचार कानावर आला तर मी गप्प बसणार नाही. 'त्याने मंडळीपुढे रडून माफी मागितली, विषय संपला' असं करणारे वडीलजन स्वतः आरोपी होऊ शकतात.

दुसरं, माफीचं पत्र. पश्चात्तापाच्या भरात लोक 'मी अमुक साली अमुक केलं' असं सविस्तर लिहून देतात. न्यायालयाबाहेरची कबुली पुराव्यात येऊ शकते. लिहू नका असं म्हणत नाही. परिणाम माहीत असून लिहा, एवढंच.

मोड
विषय पोक्सोकडे गेला आहे, महत्त्वाचा आहे म्हणून ठेवतोय. विशिष्ट मंडळी किंवा व्यक्तीचं नाव घेतलेले प्रतिसाद उडवले जातील.

नवापूरकर
भुसावळ_जंक्शन, आमच्या भागातला प्रश्न. फादर केरळचे किंवा वसईचे, म्हातारी फक्त मावची बोलते. तिचं पापनिवेदन कसं होणार?

भुसावळ_जंक्शन
कॅनन ९९०: दुभाष्यामार्फत पापनिवेदन करता येतं, आणि त्या दुभाष्यावरही गुप्ततेचं बंधन आहे. पण घरातला माणूस दुभाष्या घेऊ नका. सुनेच्या तोंडून सासूची पापं सांगायची म्हटलं तर दोघींचीही विवेकतपासणी बिघडेल. दुभाष्या नकोच असेल तर खुणेने, छाती बडवून, मोजक्या मराठी शब्दांत जेवढं सांगता येईल तेवढं पुरतं. अशक्य गोष्टीचं बंधन कुणावर नसतं.

आणि याजक महिन्यातून एकदाच येतो अशा पाड्यावर कुणी मरणाच्या दारात असेल तर? केवळ देवावरच्या प्रेमापोटी आलेला पूर्ण पश्चात्ताप, आणि शक्य होताच पापनिवेदन करायचा निश्चय, यानेही प्राणघातक पापाची क्षमा होते (परिच्छेद १४५२). मार्च २०२० मध्ये चर्च बंद झाली तेव्हा पोप फ्रान्सिस यांनी हेच पुन्हा सांगितलं होतं.

नवापूरकर
धन्यवाद. आमच्या बाजूच्या बऱ्याच मंडळ्यांत मात्र थेट प्रार्थना आणि मग सगळ्यांपुढे साक्ष, अशी रीत. याकोब ५:१६, 'एकमेकांजवळ पापे कबूल करा', हा आधार. त्यात बिघडतं ते असं: साक्ष देणारा स्वतःचं पाप सांगता सांगता दुसऱ्याचं घर उघडं पाडतो. 'अमकीबरोबर माझं चुकलं' म्हटलं की याला टाळ्या, आणि अमकीला गाव सोडावं लागतं. जुन्या पाळकांचा नियम चांगला आहे. पाप जेवढ्या वर्तुळात झालं तेवढ्याच वर्तुळात कबूल करायचं. मनातलं देवाजवळ, एकाचं नुकसान केलं ते त्या एकाजवळ, मंडळीच्या पैशाला हात लावला तर मंडळीपुढे.

शिस्तीचंही तसंच, मत्तय १८:१५-१७. आधी एकट्याने एकांतात, मग एक-दोन साक्षीदार घेऊन, मग मंडळीपुढे, तरीही ऐकलं नाही तरच बाहेर. प्रत्यक्षात काय होतं, पहिली पायरी गाळून थेट व्हॉट्सअॅप ग्रुपवर. आणि प्रभुभोजनातून थांबवलेल्याला परत कधी घ्यायचं हे कुणी लिहून ठेवत नाही, वर्षं जातात. पौल २ करिंथ २:६-८ मध्ये म्हणतो, झाली ती शिक्षा पुरे, आता क्षमा करा, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल. ठराव करतानाच फेरविचाराची तारीख टाका.

रावेरची_केळी
अवांतर: भस्म बुधवारपासून (उपवासकाळ सुरू झाला की) शुक्रवारी मांस वर्ज्य म्हणतात. पण जळगावात फेब्रुवारीत वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी आणि वर मिरचीचा ठेचा असताना मटण सोडणं हा त्याग कसा? भरीतच वर्ज्य करायला पाहिजे.

भुसावळ_जंक्शन
नियमाने १४ पूर्ण झालेल्यांना मांसत्याग, १८ ते ५९ वयाला भस्म बुधवार आणि उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) उपास. भरीत सोडायचं असेल तर कुणी अडवलेलं नाही, पण तुमच्यासाठी ते प्रायश्चित्त पहिल्याच वेळी फार जड होईल.

गिरणामाई
नवापूरकरांच्या 'वर्तुळा'ला एक पुरवणी. बदनामीची परतफेड सर्वांत अवघड. खोटं पसरवलं असेल तर जिथे पसरवलं तिथेच मागे घ्यायचं. २०० जणांच्या ग्रुपवर टाकलं आणि माफी मात्र खाजगीत मागितली, असं चालत नाही. पण खरं, झाकलेलं असलेलं पाप उघड केलं असेल तर 'मी खोटं बोललो' असं म्हणता येत नाही, ते नवं खोटं होईल. तिथे त्या माणसाबद्दल जे खरं चांगलं आहे ते मुद्दाम बोलत राहणं आणि तो विषय निघाला की थांबवणं, एवढंच हातात असतं.

वाचनमात्र_ताई
पहिल्यांदाच लिहितेय. एखाद्याने क्षमा मागितली, सगळं परत केलं, तरी वाटतच नाही की क्षमा झाली. तेच पाप पुन्हा पुन्हा कबूल करतात. आणि 'पवित्र आत्म्याविरुद्धचं पाप' आपल्याकडून झालंय अशी भीती असते. अशांना काय सांगायचं?

पांझरेपलीकडे
ताई, मार्क ३:२९ वाचून थांबायचं नाही, तिसावं वचनही वाचायचं. शास्त्री येशूची कामं डोळ्यांनी बघून ती सैतानाची म्हणत होते. उघड दिसणाऱ्या चांगल्याला जाणूनबुजून वाईट ठरवून त्यावर ठाम राहणं, हे ते पाप. ज्याला ते झाल्याची भीती वाटते आणि क्षमा हवी आहे, तो त्या अवस्थेत नाही. जवळपास सगळ्या पंथांचे पाळक एवढं एकमुखाने सांगतील.

क्षमा ही भावना नाही. वाटलं म्हणून होत नाही आणि वाटलं नाही म्हणून टळत नाही.

भुसावळ_जंक्शन
कॅथलिक परंपरेत या त्रासाला अतिसंशयी विवेक म्हणतात आणि त्याचे ठरलेले नियम आहेत. एकच याजक धरायचा, दर वेळी बदलायचा नाही. एकदा कबूल केलेलं पाप पुन्हा काढायचं नाही, याजकाने 'झालं' म्हटलं की त्याचं ऐकायचं. विवेकतपासणीला वेळ बांधून घ्यायचा, दहा मिनिटं आणि मग बंद. आणि हात धुणं, पुन्हा पुन्हा मोजणं असलं काही सोबत असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं. तो विचारांच्या सक्तीचा आजार असू शकतो, आणि औषधाने कमी होतो. उपासतापास वाढवले तर तो वाढतो.

वाचनमात्र_ताई
दहा मिनिटांचं फार उपयोगी आहे. आभार.

नाना_नास्तिक
मी चेष्टा करायला आलो होतो, पण एक खरा प्रश्न. बारा वर्षं उघड ताबा असेल तर कायद्याने जमीन ताबेदाराची होऊ शकते. कोरणाऱ्याने आठाऐवजी बारा वर्षं थांबून मग संजीवन सभेला जावं की!

सातपुडा_वकील
प्रतिकूल ताबा, १९६३ च्या मुदत कायद्याच्या अनुसूचीतला अनुच्छेद ६५. सिद्ध करणं वाटतं तितकं सोपं नाही, पण तत्त्वतः बरोबर. उधारीलाही साधारण तीन वर्षांची मुदत आहे, ती संपली की दावा चालत नाही.

भुसावळ_जंक्शन
चर्चचा कायदा इथे जास्त कडक आहे. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने (बिशपांच्या महासभेने) वर्षातून एकदा पापनिवेदनाचा नियम केला, हे बहुतेकांना माहीत असतं. त्याच परिषदेने असंही ठरवलं की सद्भावनेशिवाय कितीही वर्षं ताबा ठेवला तरी मालकी लागत नाही. आजचा कॅनन १९८ तेच म्हणतो: सद्भावना सुरुवातीला असून भागत नाही, सगळा काळ लागते. बांध आपण सरकवला हे ज्याला माहीत आहे त्याची बारा वर्षं सुरूच होत नाहीत. मुदत संपलेल्या उधारीचंही विवेकापुढे तसंच.

तापीकाठ
आता मूळ बांधावर येऊ. प्रत्यक्ष किती द्यायचं ते मांडतो, चुकलं तर दुरुस्त करा. दोन गुंठे म्हणजे एकराचा विसावा भाग. कोरडवाहू कापूस एकरी ८ क्विंटल धरला तर दोन गुंठ्यांत ४० किलो. आठ वर्षांचे ३२० किलो. खरं तर दोन गुंठे हळूहळू गेले, पहिल्या वर्षी पूर्ण नव्हते, पण शंकेचा फायदा शेजाऱ्याला. क्विंटलला ७,००० धरले तर २२,४००. पाचवा हिस्सा ४,४८०. एकूण २६,८८० आणि जमीन परत.

पांझरेपलीकडे
मशागत, बियाणं, वेचणीचा खर्च वजा होईल. तो खर्च शेजाऱ्यालाही आलाच असता. निव्वळ उत्पन्न धरा.

पाचव्या हिश्शाचं बंधन आज आहे का यावर मतभेद आहेत. मोशेचे दिवाणी नियम ख्रिस्ती माणसावर जसेच्या तसे लागू नाहीत असं बहुतेक पंथ मानतात. पण त्यातली समज बघण्यासारखी आहे. पकडला गेलेल्याला दुप्पट, चौपट, पाचपट (निर्गम २२). स्वतःहून कबूल करणाऱ्याला फक्त वीस टक्के (लेवीय ६, गणना ५:७). कबुलीला सवलत आहे, पण शून्य टक्के नाही. निर्गम २२:५ तर आपल्या शिवारासाठीच लिहिल्यासारखं आहे: दुसऱ्याच्या शेतात गुरं घातली तर भरपाई आपल्या शेतातल्या उत्तम पिकातून द्यायची. खराब झालेला फरदडीचा कापूस देऊन मोकळं व्हायचं नाही.

रावेरची_केळी
पाचवा हिस्सा मुळावर असेल तर जमिनीवरही लागेल. दोन गुंठ्यांचा पाचवा म्हणजे ०.४ गुंठा, चाळीस चौरस मीटर. म्हणजे बांध मूळ जागेपेक्षा आत सरकवायचा? शेजाऱ्याचा पोरगा पुढे म्हणेल, आता तुम्ही आमचा कोरला असं कसं म्हणता, बांध तर इकडे आहे.

सातपुडा_वकील
जमिनीचा पाचवा हिस्सा रोखीत द्या, गुंठ्यात नको. बांध मूळ हद्दीवरच यायला हवा, नाहीतर पुढच्या पिढीला नवं भांडण.

आणि बांध अंदाजाने सरकवू नका, दोघं मिळून मोजणी करून घ्या. सातबाऱ्यावर क्षेत्र बदललेलं नसतं, फक्त ताबा सरकलेला असतो, म्हणून फेरफाराची गरज सहसा पडत नाही. हद्दीच्या खुणा लावल्या की पंचनाम्यावर दोघांच्या सह्या घ्या.

नाना_नास्तिक
आणि शेजारी मेला असेल तर? किंवा जमीन विकून सुरतेला गेला असेल तर?

भुसावळ_जंक्शन
मेला असेल तर वारसांना. विकली असेल तर जमीन आजच्या मालकाला, आणि ज्या वर्षांचं पीक खाल्लं त्याचे पैसे तेव्हाच्या मालकाला. कुणीच सापडत नसेल तर गरिबांना. चर्चच्या बांधकामाला देणगी देऊन स्वतःचं नाव फरशीवर कोरून घेणं ही परतफेड नव्हे. समोर जायची हिंमत नसेल तर याजकाच्या हातून, नाव न सांगता, पैसे पोचवता येतात. काट्यात मारलेल्या कापसाला हे चालतं. बांधाला नाही चालणार, बांध कुणी सरकवला ते गावाला माहीत असतं.

जिभाऊ
मोजनीना अर्ज कथा देवाना, तहसीलमा का?

सातपुडा_वकील
नाही जिभाऊ, तालुक्याच्या भूमी अभिलेख उपअधीक्षक कार्यालयात. सोबत ताजा सातबारा आणि लगतच्या खातेदारांची नावं-पत्ते. मोजणीच्या आधी त्यांना नोटीस जाते, तेव्हा कोरणाऱ्याने ती पोचण्याआधीच स्वतः जाऊन शेजाऱ्याला सांगितलेलं बरं.